पाण्याखाली पाटी-पेन्सिल

दोस्तांनो, अहिल्यानगर जिल्ह्याचा नकाशा उघडा. तुमचे आजी-आजोबा ज्याला अजून नुसतं ‘नगर’ म्हणतात, तोच. त्यात प्रवरा सापडेल, मुळा सापडेल, सीना सापडेल. उत्तरेच्या कडेनं गोदावरी वाहताना दिसेल, पश्चिमेला कळसूबाई दिसेल. समुद्र मात्र कुठेच नाही. समुद्र बघायचा तर सह्याद्री उतरून कोकणात जायला हवं.

आता बोट नेवाशावर ठेवा. इथे प्रवरेच्या काठी लाडमोड नावाची टेकडी आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या डॉ. ह. धी. सांकलियांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ मध्ये इथे खणायला सुरुवात केली. जितकं खाली जावं तितका जुना काळ, हे तर तुम्हाला माहीत आहेच. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या थरात, म्हणजे सातवाहन राजांच्या काळातल्या मातीत, त्यांना काही खापरं मिळाली. ती आपल्याकडच्या कुंभारांच्या भांड्यांची नव्हती. ती होती रोमन सुरयांची. या सुरयांना ‘अँफोरा’ म्हणतात. लांबट अंग, मानेजवळ दोन कान आणि तळ निमुळता. जमिनीवर ठेवली तर ही सुरई कलंडते. मग कुणी शहाणा माणूस असं भांडं कशाला घडवेल? कारण ती स्वयंपाकघरात ठेवायची नव्हतीच. जहाजाच्या पोटात एकमेकींना खेटून, निमुळते तळ खालच्या सुरयांच्या खांद्यांमध्ये रोवून, अशा शेकडो सुरया रचता येत. त्यांतून द्राक्षांची दारू यायची, ऑलिव्हचं तेल यायचं.

विचार करा, भूमध्य समुद्राच्या काठची सुरई इजिप्तमार्गे तांबड्या समुद्रात आली, मोसमी वाऱ्यावर जहाजातून भरूच, सोपारा, कल्याण अशा एखाद्या बंदरात उतरली आणि तिथून घाट चढून नेवाशाला पोचली! पैठण तर नेवाशाहून जवळच. त्या काळच्या एका ग्रीक खलाशी-व्यापाऱ्यानं लिहून ठेवलं आहे, की भरूचहून पैठणला जायला वीस दिवस लागतात.

जी जहाजं पोचली, त्यांचा माल आपल्याला जमिनीत सापडला. पण जी वाटेत बुडाली त्यांचं काय?

ती अजून समुद्राच्या तळाशी आहेत. त्यांना शोधायला कुणीतरी खाली जायला हवं. त्यासाठी खास शिकलेले पाणबुडे लागतात. आज त्यांच्याच शिक्षणाची गोष्ट सांगायची आहे, आणि या गोष्टीचं एक टोक आपल्याच जिल्ह्यात आहे.

प्रवरेच्याच काठी, श्रीरामपूर तालुक्यात, दायमाबाद आहे. १९७४ साली तिथे एका झुडपाच्या मुळाशी खणताना चार धातूच्या वस्तू निघाल्या. दोन बैल जुंपलेला रथ आणि त्यात उभा सारथी, एक हत्ती, एक गेंडा, एक म्हैस. चारही मिळून वजन साठ किलोंहून जास्त. त्यांच्या वयाबद्दल अभ्यासकांमध्ये अजून चर्चा चालते. पुष्कळ जणांच्या मते त्या साडेतीन ते चार हजार वर्षांपूर्वीच्या. आता जरा डोकं चालवा. आपल्या जिल्ह्यात सगळा काळा कातळ. त्यात तांब्याची खाण नाही. म्हणजे या गाड्या-हत्तींसाठी लागलेलं तांबं लांबून कुठून तरी आलं होतं.

हे सापडल्यावर १९७४-७५ मध्ये दायमाबादला उत्खनन करायला आले भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे एस. आर. राव. याआधी त्यांनी गुजरातमध्ये लोथल हे सिंधू संस्कृतीचं गाव शोधलं होतं. तिथे विटांनी बांधलेला एक प्रचंड हौद निघाला आणि ती जहाजांची गोदी असावी, असं रावांनी मांडलं. समुद्र आणि जुनी माणसं यांचं नातं त्यांच्या मनात तेव्हापासून घोळत असणार. कारण दायमाबादनंतर काहीच वर्षांनी, १९८१ मध्ये, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत त्यांच्या पुढाकारानं सागरी पुरातत्त्वाचं काम सुरू झालं. दोन वर्षांत तिथली मंडळी द्वारकेच्या समुद्रात बुड्या मारू लागली. तिथे घडीव दगड मिळाले आणि दगडी नांगर तर शंभराहून जास्त मिळाले. जवळच्या बेट द्वारकेला काय मिळालं, माहीत आहे? अँफोरांची खापरं आणि एक शिशाचा रोमन पद्धतीचा नांगर. नेवाशाच्या मातीतली सुरई आणि बेट द्वारकेच्या पाण्यातली सुरई, दोघी एकाच व्यापारातल्या. प्रवरेकाठी खणणारा माणूस भारताच्या सागरी पुरातत्त्वाचा पाया घालतो, याचं मला फार अप्रूप वाटतं.

बरं, पण पाण्याखाली खणायचं कसं?

पूर्वी जगभर एक सोपी पद्धत होती. पट्टीचे पाणबुडे खाली जाऊन वस्तू उचलून आणत आणि पुरातत्त्वज्ञ होडीत बसून त्या बघत. म्हणजे वस्तू हातात यायची, पण ती कुठे होती, कशाच्या शेजारी होती, वर काय होतं, खाली काय होतं, हे सगळं कायमचं हरवायचं. १९६० साली तुर्कस्तानच्या किनाऱ्याजवळ जॉर्ज बास या तरुण अमेरिकन पुरातत्त्वज्ञानं हे बदललं. तो आधी स्वतः बुडी मारण्याचं तंत्र शिकला आणि मग समुद्रतळावर, जमिनीवर करतात तितक्याच काटेकोरपणे, एका बुडालेल्या जहाजाचं पूर्ण उत्खनन केलं.

तेव्हापासून दोन्ही बाजूंनी शिकवणी सुरू आहे. पुरातत्त्वज्ञांनी पाण्यात उतरायला शिकायचं आणि पाणबुड्यांनी पुरातत्त्वज्ञांच्या नजरेनं बघायला शिकायचं.

आधी पाण्यात उतरायचं शिकू. श्वासासाठी टाकी पाठीला बांधून बुडी मारायची, याला स्कूबा म्हणतात. ही टाकी म्हणजे ऑक्सिजन असा खूप जणांचा समज असतो. साध्या टाकीत साधी हवाच असते, फक्त दाबून दाबून भरलेली. तोंडात धरायच्या यंत्रातून ती हवी तेवढीच येते. हे यंत्र झाक कुस्तो आणि एमिल गान्यां या दोन फ्रेंच माणसांनी १९४३ मध्ये बनवलं.

पहिला धडा दाबाचा. समुद्रात दर दहा मीटर खाली गेलं, की आपल्यावरचा दाब एका वातावरणानं वाढतो. वर एक, दहा मीटरवर दोन, वीस मीटरवर तीन. दहा मीटर खोलीवर एक लिटर हवा भरलेला फुगा वर आणला, तर वर येईपर्यंत तो दोन लिटरचा होतो. आपली फुफ्फुसंही हवेनंच भरलेली असतात. म्हणून स्कूबाचा सगळ्यांत मोठा नियम असा: श्वास कधीही रोखून धरायचा नाही. वर येताना तर मुळीच नाही. आणि वर यायचं तेही सावकाश. दाबाखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन घाईघाईनं वर आलं तर बुडबुड्यांच्या रूपात बाहेर पडतो आणि माणूस आजारी पडतो, कधी जिवावरही बेततं. म्हणून वर येण्याआधी पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायची सवय लावतात.

दुसरा धडा तरंगण्याचा. हा तुम्ही घरी करून बघा. प्लॅस्टिकची एक लिटरची बाटली काठोकाठ पाण्यानं भरा. पेनाचं एक टोपण घ्या, त्याला भोक असेल तर ते बुजवा आणि टोपणाच्या तोंडाच्या कडेला मातीचा किंवा कणकेचा छोटा गोळा चिकटवा. तोंड बंद करू नका, आत हवा राहू द्या. गोळा इतकाच ठेवा, की टोपण जेमतेम तरंगेल. ते तोंड खाली करून बाटलीत सोडा, झाकण घट्ट लावा आणि बाटली दाबा. टोपण खाली गेलं? हात सैल करा. वर आलं? नीट बघा, दाबल्यावर टोपणात पाणी शिरतं आणि आतली हवा आक्रसते. हवेनं कमी जागा घेतली, की टोपण बुडतं. खोल जाणाऱ्या माणसाचंही असंच होतं. म्हणून तो अंगातल्या जाकिटात टाकीतली थोडी हवा सोडतो आणि ना वर ना खाली, असा मधोमध स्थिर राहतो. चांगला पाणबुडा तळापासून वीतभर वर, डोकं खाली आणि पाय वर करून, तळाला स्पर्शही न करता लटकत राहू शकतो. दिसायला गंमत वाटते, पण पुढचं सगळं काम या एका कसबावर उभं आहे. पायाचा एक फटकारा चुकला, की गाळ उडतो आणि पुढची कितीतरी मिनिटं काही दिसत नाही.

मग बोलायचं कसं? तोंडात तर यंत्र. पाण्यात आवाज हवेच्या चौपटीहून जास्त वेगानं जातो, त्यामुळे तो कुठून आला हेच कानांना कळत नाही. म्हणून खुणा. आपण ‘छान’ म्हणून वर करतो तो अंगठा पाण्यात करू नका हं! तिथे त्याचा अर्थ ‘वर चल’ असा होतो. सगळं ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा. डोळेही फसवतात. पाण्याखाली मुखवट्यातून वस्तू जवळ आणि तिसऱ्या हिश्शानं मोठी दिसते. लाल रंग तर पाच-दहा मीटरमध्येच फिका पडून काळपट होतो. म्हणून पुरातत्त्वाच्या वर्गात सांगतात, अंदाजानं लिहू नका, टेप लावा.

आणि लिहायचं कशावर? प्लॅस्टिकच्या पाटीवर, साध्या शिसपेन्सिलीनं! शिसपेन्सिल पाण्याखाली झकास चालते. तळावर एक मीटरच्या चौकटी मांडायच्या आणि प्रत्येक चौकटीत काय आहे ते पाटीवर काढायचं. फावडं-कुदळ नाही. हातानं हलकेच वारा घातल्यासारखं पाणी हलवलं, की गाळाचा पातळ थर बाजूला होतो. जास्त गाळ असेल तर तो ओढून घेणारी नळी वापरतात.

वस्तू दिसली, की उचलावी असं कुणालाही वाटेल. पण समुद्रात शेकडो वर्षं मुरलेलं लोखंड बाहेर काढून नुसतं वाळू दिलं, तर आतल्या मिठानं त्याचे पापुद्रे सुटतात. त्याला महिनोन्‌महिने औषधी पाण्यात ठेवावं लागतं. स्वीडनचं ‘वासा’ हे १६२८ साली बुडालेलं लाकडी जहाज १९६१ मध्ये वर काढलं, तेव्हा लाकूड आक्रसून तडकू नये म्हणून त्याच्यावर सतरा वर्षं एका रसायनाचे फवारे मारत होते. सतरा वर्षं! म्हणूनच युनेस्कोनं २००१ मध्ये केलेल्या करारात म्हटलं आहे, की पाण्याखालचा वारसा शक्यतो आहे तिथेच जपावा.

आता नजरेची शिकवणी. याचं माझं सगळ्यांत आवडतं उदाहरण तुर्कस्तानातलंच. तिथे पुरातत्त्वज्ञ किनाऱ्यावरच्या गावांत जात आणि स्पंज गोळा करणाऱ्या पाणबुड्यांना चित्रं दाखवून सांगत, समुद्रात अशा अशा वस्तू दिसल्या तर आम्हाला कळवा. १९८२ साली एक स्पंजवाला तरुण वर येऊन म्हणाला, खाली कान असलेली धातूची बिस्किटं आहेत. ज्यांनी ती चित्रं पाहिली होती त्यांना लगेच कळलं, ही तांब्याची जुन्या काळची लगड! उलुबुरुन नावाच्या त्या जागी ३,३०० वर्षांपूर्वीचं जहाज निघालं. त्यात सुमारे दहा टन तांबं आणि एक टन कथील होतं. ते सगळं नोंदवायला अकरा हंगाम आणि बावीस हजारांहून जास्त बुड्या लागल्या. सुरुवात मात्र एका कष्टकरी पाणबुड्याच्या तयार नजरेनं झाली.

आपल्या शेजारी गोव्यातही असे शोध लागले आहेत. तिथल्या सुंची नावाच्या खडकाजवळ राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पुरातत्त्वज्ञांना सतराव्या शतकातल्या एका पोर्तुगीज जहाजाच्या तोफा, हस्तिदंत, पाणघोड्याचे दात आणि चिनी भांड्यांचे तुकडे मिळाले. सेंट जॉर्ज नावाच्या खडकाजवळ तर बुडालेल्या जहाजात काय होतं? कौलं! मंगळुरी कौलं आणि विटा. आणि त्या कौलांवर ठसा होता बासेल मिशनचा आणि १८६५ या सालाचा. म्हणजे हे जहाज १८६५ च्या आधी बुडणं शक्यच नाही. एका कौलानं जहाजाचा काळ सांगितला. तुमच्या गावात एखादी जुनी कौलारू शाळा किंवा घर पाडलं जात असेल, तर खाली पडलेलं कौल उलटून बघा. कारखान्याचं नाव वाचायला मिळेल.

आपल्या महाराष्ट्रात विजयदुर्गच्या पाण्यातही दगडी नांगर मिळाले आहेत. किल्ल्याच्या पश्चिमेला समुद्रात बुडालेली दगडी भिंत आहे, तिचाही अभ्यास झाला आहे.

सुंची काय किंवा सेंट जॉर्ज काय, जहाजं बुडाली ती खडकांवर आदळून. अशा खडकांवरच प्रवाळ म्हणजे पोवळी वाढतात. आणि जहाज बुडालं, की त्याच्या तोफांवर, फळ्यांवर नवीन पोवळी, शिंपले, स्पंज वस्ती करतात. म्हणजे पुरातत्त्वज्ञाला तोफ हवी असते, तिच्यावर कुणाचं तरी घर असतं. म्हणून पाणबुड्याला दोन्ही विषय शिकावे लागतात.

पोवळं म्हणजे दगड नव्हे. तो एक इवलासा प्राणी आहे, जेलीफिशचा नातलग. असे हजारो जीव शेजारी शेजारी राहतात आणि समुद्राच्या पाण्यातला चुना घेऊन स्वतःखाली कठीण ओटा बांधतात. त्यांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं. शैवाल उन्हावर साखर बनवतं आणि त्यातला मोठा वाटा पोवळ्याला देतं, पोवळं शैवालाला आसरा देतं. पाणी नेहमीच्या कडक उन्हाळ्यापेक्षाही एखाद्या अंशानं जास्त, काही आठवडे तापलेलं राहिलं, तर ही मैत्री तुटते. शैवाल निघून जातं आणि पोवळं पांढरंफटक पडतं. लवकर थंडावा मिळाला तर ते सावरतं, नाही तर उपासमारीनं मरतं. २०२४ मध्ये जगातल्या अनेक समुद्रांत आणि आपल्या लक्षद्वीपमध्येही असंच झालं. प्रवाळभिंती सागरतळाच्या एक टक्का जागाही व्यापत नाहीत, पण समुद्रातल्या सुमारे पाव जातींचं आयुष्य त्यांच्याशी बांधलेलं आहे.

गोलसर वाढणारं पोवळं वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतं. दीड फूट उंच गोटा म्हणजे चाळीस-पन्नास वर्षांचा, तुमच्या आई-बाबांपेक्षाही मोठा! त्याच्या आत वर्षागणिक एकेक थर असतो. तोफेवर वाढलेल्या पोवळ्याचे थर मोजता आले, तर ती तोफ निदान किती वर्षं तिथे पडून आहे हेही कळतं. बघा, इथे जीवशास्त्र आणि इतिहास यांनी हातात हात घातला.

प्रवाळांची मोजणीही तशीच करतात. तळावर टेप अंथरायची आणि ठरावीक अंतरावर टेपेखाली काय आहे ते लिहायचं: जिवंत पोवळं, मेलेलं पोवळं, शैवाल, वाळू. चौकटी मांडून फोटो काढायचे. पुढच्या वर्षी त्याच जागी परत. टेप तीच, पाटी तीच, चौकट तीच, फक्त प्रश्न वेगळा.

हे सगळं कुठे बघायचं? मालवणला. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या भोवतीच्या खडकांवर पोवळी आहेत. तिथला समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. जवळच तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा शिकवणारी संस्था आहे. ती उभी करण्यात सागरी जीवशास्त्रज्ञ डॉ. सारंग कुलकर्णी यांचा मोठा वाटा आहे. मासेमारी करणाऱ्या घरांतली मुलं-मुली इथल्या समुद्रात पाणबुडे आणि वाटाडे झाली आहेत. विजयदुर्गपासून शंभर किलोमीटरहून लांब, खोल समुद्रात आंग्रिया बँक नावाचा बुडालेला पठारासारखा भाग आहे. कान्होजी आंग्र्यांचं नाव त्याला आहे. त्याचा माथा पाण्याखाली वीस मीटरच्या आसपास, आणि त्यावर पोवळ्यांची मोठी वस्ती. नौदलातून निवृत्त झालेली ‘गुलदार’ ही युद्धनौका निवतीच्या खडकांजवळ बुडवून तिथे पाण्याखालचं संग्रहालय आणि पोवळ्यांसाठी नवी जागा करण्याची योजनाही महामंडळानं हाती घेतली आहे.

आणि द्वारकेच्या समुद्रात २०२५ च्या फेब्रुवारीत भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं पथक पुन्हा उतरलं. पाच जणांच्या त्या पथकात तीन महिला होत्या. मुलींनो, हे तुमच्यासाठी मुद्दाम सांगितलं.

आपल्या जिल्ह्यातही पाण्याखाली इतिहास आहे बरं का. जायकवाडी धरण झालं तेव्हा नाथसागराच्या पाण्यात नेवासे आणि शेवगाव तालुक्यांतली किती तरी गावं गेली. घरं, पार, देवळं असलेली जुनी गावं ती. आजोबांना विचारा, त्यांच्या ओळखीतलं कुणी तिथून उठून आलं असेल. त्यांच्याकडून गावाचा नकाशा कागदावर काढून घ्या: वेस कुठे होती, आड कुठे होता, शाळा कुठे होती. पुढे कधी कुणी पाणबुडा तिथे उतरला, तर त्याला हा कागद सोन्यासारखा उपयोगी पडेल.

मात्र स्वतः धरणात उतरू नका. तिथे गाळ असतो, बुडालेल्या बाभळी असतात, चांगला पोहणाराही अडकतो. पाणी आटल्यावर काठावर जुनं खापर, मूर्ती किंवा नाणं दिसलं, तर ते हलवू नका. शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा, जागा लिहून ठेवा आणि गुरुजींना किंवा बाईंना सांगून तहसील कचेरीत कळवा. मालवणला सहलीला गेलात तर पोवळ्याचा तुकडा आणू नका, विकत तर घेऊच नका. २००१ पासून वन्यजीव कायद्यानं पोवळ्यांना वाघाइतकंच संरक्षण दिलं आहे.

स्कूबाचा पहिला अभ्यासक्रम दहा वर्षं पूर्ण झालेल्या मुलांना करता येतो, पण पोहता यायला हवं. तेव्हा या उन्हाळ्यात काकाला, मामाला, आत्याला गाठा. पाठीला डबा बांधून विहिरीत असो की गावातल्या तलावात, मोठ्या माणसाला जवळ उभं करून आधी नीट पोहायला शिका.